एक्केचाळीस नंबरवर ओरडायचं कुणी

बियाणे केंद्र, २४ एप्रिल

प्रिय ओड्लाउग मावशी,

आधी हे पत्र वाच, मग पोतं उघड. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून पत्र पोत्याच्या आत न टाकता तोंडाशीच शिवून पाठवलंय. फोन केला असता, पण तू सगळं ऐकायच्या आत "बरं" म्हणून ठेवून देतेस.

पोत्यात माझा एक्केचाळीस नंबर आहे. अकरा वर्षं मी या जवांच्या मागे आहे. आपल्या स्कयेल्वा खोऱ्यातले जुने जव आणि एक लवकर पिकणारं वाण यांचा संकर केला आणि दरवर्षी निवडत निवडत इथवर आलो. तुमच्याकडचा उन्हाळा म्हणजे पाहुणा, कोट न काढताच परत जाणारा. त्यामुळे मी मुद्दाम घाईचं वाण काढलंय. लवकर उगवतं, लवकर पिकतं, आणि कापल्यावर इतर जवांसारखं महिना-दीड महिना झोपून राहत नाही. भिजवलं की मोड काढायला तयार.

जुन्या डेअरीत बिअर काढणारा तो दाढीवाला एम्ब्रिक आठवतो ना? तो आणि आसपासचे चार छोटे बिअरवाले आज दक्षिणेतून जव मागवतात. वाण मंजूर झालं तर आपल्याच खोऱ्यातले घेऊ, असं त्यांनी लिहून दिलंय. मंजुरी वाणनोंदणी मंडळ देतं. आणि आमचे नवे संचालक स्पष्ट म्हणालेत, या वर्षीच्या प्रयोगावर मंजुरी मिळाली तर ठीक, नाहीतर बी कोंबड्यांना जाईल आणि मी फुटबॉलच्या मैदानांच्या गवत विभागात. मावशी, मला गवताचं काही वाटत नाही.

तुझ्याकडून एवढंच हवंय. पेर, काप, तुझ्या माल्टघरात नेहमीसारखे मोड आणून, धुरावर वाळवून माल्ट कर आणि त्याची दोनदा बिअर कर. दोन्ही वेळा सगळं अगदी सारखं. पाणी तेच, यीस्ट तेच. आपल्या मनाचं काही घालू नकोस.

तुझा,
स्वाइनुंग


ब्रेकान, ११ मे

स्वाइनुंग,

पोतं आधी उघडलं. पत्र मागाहून वाचलं. काही बिघडलं नाही.

नदीकडच्या वाफ्यात जव पेरले. पेरताना शेजारचा तुर्फिन कुंपणाला टेकून सगळा वेळ बघत होता. बघू दे. एकतीस वर्षांत मी त्याच्याशी एक शब्द बोललेले नाही, आता जवांसाठी थोडीच बोलणार. तू तेव्हा लहान होतास म्हणून सांगते. तुझ्या हालवर काकाच्या मातीला मी स्वतः बिअर केली होती. सगळं खोरं जमलेलं. या माणसाने घोट घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "पातळ आहे." नवरा पुरून आलेल्या बाईला. असो, ते जाऊ दे.

तुझ्या कागदावर एक गोष्ट राहिली आहे. यीस्ट टाकताना ओरडायचं कुणी? किती जण बोलवू? आपल्याकडे पाच तरी लागतात. तुझी आई एकटी तिघांचं काम करायची, पण ती आता नाही.

तुझा सदरा उसवलेला असतो असं पोस्टवाली म्हणत होती. तिला कसं कळलं कोण जाणे.

ओड्लाउग


बियाणे केंद्र, २० मे

प्रिय मावशी,

ओरडायचं नाही.

यीस्ट टाकताना पिंपाभोवती उभं राहून आरोळी ठोकायची आपली पद्धत मला माहीत आहे, लहानपणी मीही ओरडलोय. पण हा सरकारी प्रयोग आहे. फॉर्मवर त्याला जागाच नाही. यीस्टला कान नसतात, मावशी. मी शिकलोय ते.

सदरा शिवला.

स्वाइनुंग


ब्रेकान, १४ ऑक्टोबर

स्वाइनुंग,

यीस्टला कान असतात.

जव छान आले. ऑगस्टच्या वीस तारखेला कापले, तेव्हा बाकी खोरं अजून हिरवं होतं. लोक येऊन बघून गेले. एवढ्या कौतुकाने बघायला ते हालवरशी लग्न ठरल्यावर मलाही आले नव्हते. माल्टघरात एकदम एवढे जव मावत नाहीत म्हणून दोन घाण्यांत वाळवले आणि दोन वेळा बिअर केली.

पहिल्या बिअरला तू सांगितलंस तसं गप्प राहिलो. सात जण पिंपाभोवती हात बांधून उभे होते. यीस्ट टाकलं. कुणी बोलेना. एम्ब्रिक खोकला तर मी त्याच्याकडे असं बघितलं की उरलेला खोकला त्याने बाहेर जाऊन काढला. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. तीन दिवसांनी चाखली. कडवट, करपट, मागे आंबूस. मंडळाने नेमलेल्या पाचही चाखणाऱ्यांनी मिळून दहात तीन दिले. ते तीनही मला बघून दिले असावेत.

दुसऱ्या बिअरला म्हटलं, पुरे झालं हे शिक्षण. सगळे मनापासून ओरडलो. ती झाली बिअर. दहात नऊ. शाळेतल्या जुन्या बाईंनी दोनदा मागितली.

एम्ब्रिकने तिथल्या तिथे अहवाल लिहून मंडळाला पाठवला. "उपचार" असा एक रकाना होता, त्यात त्याने लिहिलं: पहिली बिअर, आरोळी नाही. दुसरी बिअर, आरोळी आहे. त्याचं अक्षर फार चांगलं आहे.

ओड्लाउग


बियाणे केंद्र, २२ ऑक्टोबर

मावशी,

मी खाली बसून हे लिहितोय.

मंडळ एरवी एका पत्राला आठ महिने घेतं. या वेळी सहा दिवसांत उत्तर आलं. "पेरणीपासून पेल्यापर्यंत दिलेला प्रत्येक उपचार दुसऱ्यांदा करता येईल इतक्या तपशिलाने नोंदवावा" असा त्यांचा नियम आहे. तो खतासाठी आणि औषधासाठी केला होता. आता त्यांना कळवायचंय की ओरडणारे किती होते, पिंपापासून किती अंतरावर, किती मोठ्याने, किती वेळ आणि काय शब्द उच्चारले. जोडपत्रात ओरडणाऱ्यांची नावं आणि वयं मागितली आहेत.

संचालकांनी मला बोलावून विचारलं, आपल्या केंद्रात आरोळीचं तज्ज्ञ कोण? मी म्हणालो, माझी मावशी. ते त्यांनी लिहून घेतलं.

कृपा करून उत्तरं पाठव. आणि जास्तीचं काही लिहू नकोस.

स्वाइनुंग


ब्रेकान, ३१ ऑक्टोबर

स्वाइनुंग,

घे तुझी उत्तरं.

ओरडणारे सात. मी, एम्ब्रिक, त्याची बायको, शाळेतल्या जुन्या बाई, पोस्टवाली, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा निल्स आणि तुर्फिन. वयं पाठवत नाही. बाईंनी त्यांचं सांगायला साफ नकार दिला आणि मग बाकीच्यांनीही.

अंतर हातभर. शब्द काही नाही, नुसतं तोंड उघडायचं आणि पोटातून सोडायचं. वेळ म्हणशील तर निल्सचा श्वास संपेपर्यंत, तो सगळ्यात आधी संपतो. किती मोठ्याने ते एम्ब्रिकने फोनवर मोजायचं म्हणून शनिवारी सगळे परत जमलो आणि रिकाम्या पिंपात ओरडलो. एकशे चार डेसिबल भरलं. पोस्टवालीची गाडी खाली रस्त्यावर उभी होती, तिच्यातला कुत्रा अजून आत बसत नाही. एकट्या तुर्फिनचं अठ्ठ्याण्णव आहे. माणूस कसाही असो, छाती आहे त्याला.

आता तुमचं काय ते मंजूर करून टाका. माझा खांदा दुखतो, फार लिहवत नाही.

ओड्लाउग


बियाणे केंद्र, ६ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

मंजूर झालेलं नाही. ते येताहेत.

मंडळाच्या गुन्वोर टेल्नेसबाई आणि आवाज मोजणारा एक माणूस, २० तारखेला. आठ-दहा दिवस एम्ब्रिककडे राहतील. जव भिजवून मोड आणण्याचं तू आधीच करून ठेवायचंस. वाळवण्यापासून पुढचं सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं. दोन घाणे, दोन बिअर, एक गप्प आणि एक आरोळीची, माणसं तीच सात. वाण काढणाऱ्याने हजर राहायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे मी येऊ शकत नाही.

आता नीट ऐक. आरोळीच्या बिअरला पुन्हा नऊ मिळायला हवेत, ते मिळतील. पण गप्प बिअरला पुन्हा तीनच मिळायला हवेत. एक इकडे किंवा एक तिकडे चालेल. निकाल सारखे आले नाहीत तर पहिला अहवाल खोटा धरतात आणि वाण कायमचं बाद.

मावशी, अकरा वर्षं मी या जवांची बिअर चांगली व्हावी म्हणून राबलो. आता तुला हात जोडून सांगतोय, एक पिंप वाईट कर. जसं मागच्या वेळी झालं होतं तसंच.

आणि एक विचारायचं होतं. सात जणांत तुर्फिन कसा? तो तुझ्या अंगणात आला कधी?

स्वाइनुंग


ब्रेकान, १२ नोव्हेंबर

स्वाइनुंग,

मी मुद्दाम वाईट माल्ट करणार नाही. या माल्टघरात माझ्या सासूने केलं, तिच्या सासूने केलं. परक्या बाईला वही उघडून समोर बसवून मी जव करपवायचे? गवत विभागात जा खुशाल. गवतही वाढवावं लागतं कुणीतरी.

हे लिहून दोन दिवस पत्र टेबलावर ठेवलं. पोस्टवाली येऊन गेली तरी दिलं नाही. आता खरं सांगते. सांगितल्यावर मला फोन करू नकोस.

आरोळीचा काही संबंध नाही.

तुझा एक्केचाळीस नंबर वेडा आहे. मोड असे धावतात की मुळं एकमेकांत गुंततात आणि सगळ्याचं घोंगडं होतं. भोकाच्या फळ्यांवर पसरले आणि खाली अल्डरची लाकडं पेटवली की दोन्ही बाजूंनी फावड्याने सारखं परतावं लागतं, नाहीतर एक कड करपते आणि दुसरी ओली राहते. जुने जव मी एकटी परतायची. हे एकटीला आवरत नाहीत. त्यात माझा उजवा खांदा गेल्या हिवाळ्यापासून वर जात नाही. केस विंचरायला सुद्धा आता डावा हात वापरते. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की लगेच सगळे म्हणतात, आता माल्टघर बंद करा, खाली गावात म्हाताऱ्यांची सोय आहे, तिथे गरम पाणी असतं.

पहिला घाणा मी एकटीने केला. तो तसा झाला.

दुसऱ्या घाण्याला धूर काळा निघायला लागला. तुर्फिनने त्याच्या अंगणातून बघितला असणार. आला, माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत परतत राहिला. मी दुसऱ्या बाजूने जमेल तेवढं केलं. एक शब्द तो बोलला नाही, एक शब्द मी बोलले नाही. झाल्यावर फावडं भिंतीला लावून गेला. बिअरच्या दिवशी ओरडायला आला, त्याला मी हरकत घेतली नाही, कारण ओरडणं म्हणजे काही बोलणं नव्हे.

आता सगळ्या खोऱ्याला सांगू का, की बिअर तुर्फिनमुळे चांगली झाली? त्यापेक्षा म्हटलं, आरोळीमुळे झाली.

तुझ्या जवांत खोट नाही. माझ्या खांद्यात आहे.

ओड्लाउग


बियाणे केंद्र, १७ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

फोन करत नाही. पण तीन वेळा उचलला होता.

घाईचं वाण काढलं म्हणून मी मिरवत होतो. ते घाईने मोड काढेल तेव्हा फावडं कोण धरणार, याचा मी अकरा वर्षांत एकदाही विचार केला नाही. माझ्याकडे इथे परतायला यंत्र आहे, बटणाचं.

तू काही करपवू नकोस. आणि मंडळासमोर एकटीने खांदा मोडून घेऊ नकोस. मी उद्या मंडळाला लिहून कळवतो की पहिला अहवाल चुकीचा होता, येऊ नका. वाण बाद होईल. होऊ दे. आई गेल्यापासून मला सदऱ्याबद्दल बोलणारं दुसरं कुणी नाही.

तुझाच,
स्वाइनुंग


ब्रेकान, १९ नोव्हेंबर (पोस्टकार्ड)

पत्र टाकलं असशील तर परत माग. टाकलं नसशील तर टाकू नकोस. जव भिजवून झाले, मोडही आलेत. मी एकटीने परतणार. न करपवता जे होईल ते होईल, आणि मला माहीत आहे काय होईल ते. तीन मिळतील. तुला तीनच हवे होते ना. ओ.


ब्रेकान, ३० नोव्हेंबर

स्वाइनुंग,

पाहुणे काल गेले. सगळं क्रमाने सांगते, मध्ये बोलू नकोस.

गुन्वोरबाई म्हणजे सरळ पाठीची, कमी बोलणारी बाई. आल्या आल्या तिने वही काढली आणि सातही जणांना विचारून एकमेकांशी नातं काय ते लिहून घेतलं. निल्स आणि पोस्टवाली, चुलत भावंडं. एम्ब्रिक आणि त्याची बायको, नवराबायको. मी आणि तुर्फिन? मी म्हटलं, शेजारी, बोलणं नाही. किती वर्षं? एकतीस. तिने लिहिलं. पेन थांबलं सुद्धा नाही तिचं.

पहिला घाणा गप्प बिअरचा. बाकीच्या सहा जणांना बाहेर बाकावर बसवलं होतं, कारण माणसं तीच आणि तिथेच हवीत असा नियम म्हणे. मी आत एकटी. गुन्वोरबाई दारात. आवाज मोजणारा कोपऱ्यात त्याचं यंत्र धरून उभा, फावड्याचा आवाज मोजत. तासभर मी रेटलं. खांदा काय म्हणत होता ते लिहीत नाही. मग डावीकडची कड धुमसायला लागली. मला ते दिसत होतं, वास येत होता, आणि हात वर जात नव्हता. मनाशी म्हटलं, चला, झालं पोराचं काम.

तेवढ्यात तुर्फिन बाकावरून उठला आणि गुन्वोरबाईच्या बाजूने आत आला.

मी म्हटलं, "बाहेर जा. जळायलाच हवं ते."

एकतीस वर्षांनी बोलले आणि काय बोलले बघ. तो फावड्यासाठी हात पुढे करून म्हणाला, "माझ्या डोळ्यांदेखत नाही."

"तुझं काय जातंय?"

"त्या वेळी पण तू एकटीच परतत होतीस," तो म्हणाला. "हालवर गेला तेव्हा. दोन माणसांचं काम एकटीने केलंस, म्हणून ती पातळ झाली. मला म्हणायचं होतं, पुढच्या वेळी मी येऊ का. पहिलं वाक्य झालं आणि तू उठून गेलीस."

मी म्हटलं, मग दुसरं वाक्य बोलायला एकतीस वर्षं लागतात का? तो म्हणाला, तू ऐकायला थांबली असतीस तर लागली नसती. मग मी त्याला बरंच काही म्हटलं, तोही मला म्हणाला, आणि हे सगळं होताना आम्ही दोन्ही बाजूंनी परतत होतो, कारण जव काही भांडण संपायची वाट बघत नाहीत. आवाज मोजणारा नंतर म्हणाला, ब्याण्णव. मधेच मला रडू आलं. धूर होता, पण धुरामुळे आलं नाही.

दुसरा घाणाही आम्ही दोघांनी केला, आता तर बोलत बोलत. मग बिअर केली. गप्प पिंपाशी सगळे गप्प राहिले, फक्त तुर्फिन माझ्या कानात विचारत होता की एवढं गप्प कशासाठी. आरोळीच्या पिंपाशी सगळे ओरडलो आणि गुन्वोरबाई पण ओरडली. तिलाच कळलं नाही, सुटलं तिच्या तोंडून. लगेच म्हणाली, हे मोजू नका, सातच हवेत. पुन्हा ओरडावं लागलं. दुसऱ्या वेळी ती तोंडावर हात धरून उभी होती आणि तरी तिचे खांदे हलत होते.

तीन दिवसांनी चाखणाऱ्यांनी चाखली. गप्प बिअर नऊ. आरोळीची बिअर नऊ.

गुन्वोरबाईने वहीत बघितलं. म्हणाली, मागच्या वेळी तीन होते. मग काय, सांगितलं सगळं. खांद्याचं, पहिल्या घाण्याचं, आरोळीवर ढकललं ते. सगळ्यांसमोर. तिने वही मिटली, आणखी अर्धा पेला मागितला, तो उभ्याने प्यायली आणि गाडीत जाऊन बसली.

तुझं वाण मी घालवलं, स्वाइनुंग. माझ्या मानापायी. मला माफ कर असं लिहिते आहे, मी हे शब्द फार वापरत नाही हे तुला माहीत आहे.

मावशी


बियाणे केंद्र, २२ जानेवारी

प्रिय मावशी,

मंजूर झालं.

संचालकांनी पत्र तीन वेळा वाचलं आणि मग मला दिलं. आधी चांगलं सांगतो. पहिली बिअर वाईट का झाली याचं कारण "समाधानकारकरीत्या प्रत्यक्ष पाहण्यात आले" असं गुन्वोरबाईंनी लिहिलंय, त्यामुळे अहवाल खोटा धरलेला नाही. येऊ नका म्हणून लिहिलेलं माझं पत्र तुझ्या कार्डामुळे खिशातच राहिलं, ते बरं झालं. नोंद अशी आहे: "विशेष गुण: मोड अतिशय जोमदार. वाळवताना दोन्ही बाजूंनी सतत परतावे लागते. एकट्या व्यक्तीने करू नये." आरोळीबद्दल: "परिणाम आढळला नाही. तथापि चालू ठेवण्यास हरकत नाही."

एम्ब्रिकने पंचवीस पोती बी मागितलंय. बाकीचे चौघे बिअरवाले आपापसांत जोड्या लावताहेत, कुणी कुणाबरोबर परतायचं म्हणून. मी कालपासून उगाचच हसतोय.

आता दुसरं. जी पद्धत प्रत्यक्ष पाहिली तीच, जशीच्या तशी, मूळ शेतावर दरवर्षी पाळली जायला हवी. त्या पद्धतीच्या वर्णनात लिहिलंय: "परतणाऱ्या व्यक्ती दोन. नाते: शेजारी, परस्परांशी बोलणे नाही." मी लगेच कळवलं की बाईंच्या देखतच तुमचं बोलणं सुरू झालं. उत्तर आलं की नात्याचा रकाना सकाळी भरला होता आणि बोलणं दुपारी सुरू झालं. दुरुस्ती करायची तर प्रयोग पुन्हा, तीन वर्षं.

तेव्हा तुम्ही दोघांनी दर जानेवारीला, अजूनही बोलणं नाही असं लिहून सही करून द्यायचंय. फॉर्म सोबत आहे. एकमेकांसमोर सही करायची अशी अट आहे, म्हणजे खोटेपणाला वाव नको. मावशी, मला हे विचारायचीही लाज वाटते. एकतीस वर्षांनी कुठे तुमचं जमलंय. तुम्हाला नको असेल तर नको म्हण.

तुझा,
स्वाइनुंग


ब्रेकान, ३ फेब्रुवारी

स्वाइनुंग,

फॉर्म सोबत आहे. दोन्ही सह्या आहेत. तुर्फिनची थोडी वाकडी आहे, कारण मी टेबलावर वॅफल ठेवले होते आणि त्याला कागदाला जागा राहिली नाही.

चष्मा घरी विसरला म्हणून मीच त्याला वाचून दाखवलं: "आम्ही खाली सही करणारे एकमेकांशी बोलत नाही." तो म्हणाला, नीट ऐकू आलं नाही, परत वाच. परत वाचलं. मग विचारतो, यात आत्ताचं धरायचं का? मी म्हटलं, आत्ताचं धरलं तर वाण जाईल. मग त्याने सही केली. साक्षीदार पोस्टवाली. तिने कुत्र्यालाही आत आणलं होतं, तो आता बरा आहे.

खांद्याला डॉक्टरने पट्टा दिलाय. माल्टघर बंद करायचं कुणीच म्हणालं नाही. म्हणजे एकदा निल्स म्हणाला, पण तुर्फिनने त्याच्याकडे बघितलं.

तुझा उसवलेला सदरा घेऊन ईस्टरला ये. शिवला म्हणतोस, पण तो कसा शिवला असशील ते मला माहीत आहे.

सही झाल्यावर मी कॉफी ओतली. तुर्फिनने घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "पातळ आहे."

या वेळी मी उठले नाही. म्हटलं, "मग उद्या ये."

तुझी मावशी